‘तलवार परवडत नसे, म्हणून भाला’ हे विधान मला मान्य नाही

रानवाट :
काल इथे आलेल्या तलवारीवरील लेखात जाता जाता एक वाक्य येऊन गेले : ‘ज्यांना तलवार परवडत नसे, ते भाला वापरत.’ हे वाक्य मला रात्रभर सलत राहिले, म्हणून सविस्तर उत्तर लिहीत आहे. भाला स्वस्त होता, यात वाद नाही. लांब पात्याला जेवढे लोखंड लागते त्याच्या लहानशा हिश्श्यात फाळ होतो. पण स्वस्त म्हणून दुय्यम, हे कोणत्या आधारावर ठरवले? ग्रीक हॉप्लाइट, म्हणजे जड ढालीचा पायदळ शिपाई, ढाल आणि शिरस्त्राण स्वतःच्या पैशाने घेत असे, तलवारही त्याच्या कमरेला असे. तरीही त्याचे मुख्य हत्यार सात-आठ फुटी भालाच होते. भाल्याच्या मागच्या टोकालाही धातूचा अणकुचीदार खिळा असे, त्यामुळे पुढचा भाग मोडला तरी उरलेल्या दांड्याने भोसकता येई. तलवारीची पाळी त्यानंतर. सतराव्या शतकाच्या अखेरीस बंदुकीच्या नळीला संगीन बसली आणि युरोपातील लांब भालेवाले फौजेतून गेले, तेही बंदुकीलाच भाल्याचे काम करता येऊ लागले म्हणून.

शिकारीबद्दल तर त्या लेखात अक्षरही नाही. रानडुकराच्या शिकारीच्या भाल्याला फाळाच्या खाली एक आडवी पट्टी असते, कारण जखमी डुक्कर अंगात रुतलेल्या भाल्यासह पुढे रेटत शिकाऱ्यापर्यंत पोहोचते. ती पट्टी सुचण्यापूर्वी किती जणांच्या मांड्या फाटल्या असतील, याचा विचार लेखकाने करावा.

पोलाद :
तो लेख माझा आहे आणि ते वाक्य मी विचार करूनच लिहिले आहे. आपण ग्रीकांचे उदाहरण दिलेत, मग ख्रिस्तपूर्व १६८ मधल्या, रोम आणि मॅसिडोनिया यांच्यातल्या पिडनाच्या लढाईपाशी का थांबला नाहीत? तिथे मॅसिडोनियाच्या सैन्याकडे सरिसा होते, पाच-सहा मीटर लांबीचे, दोन्ही हातांनी पेलायचे भाले. सपाट जमिनीवर त्या रांगेपुढे कोणी टिकले नाही. जमीन उंचसखल होताच रांगेत फटी पडल्या, रोमन शिपाई त्या फटींतून आत शिरले आणि आखूड तलवारींनी त्यांनी अख्खी रांग कापून काढली. शत्रू हातभर अंतरावर आल्यानंतर तीन पुरुष लांबीच्या काठीचे माणसाने काय करायचे? भाला हे रांगेचे हत्यार आहे. एकट्या माणसाच्या हातात तलवारच शोभते आणि तलवारच वाचवते.

रानवाट :
त्याच रोमन शिपायाच्या दुसऱ्या हातातली गोष्ट आपण गाळलीत. तलवार उपसण्यापूर्वी तो पिलम फेकत असे, आणि पिलम हा भालाच आहे. शिवाय भाला म्हणजे लांबच काठी, हे कोणी सांगितले? दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूंचा राजा शाका याने भोसकण्यासाठी आखूड दांड्याचा आणि रुंद पात्याचा भाला रूढ केला, तो हातभर अंतरासाठीच. २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडलवाना येथे त्याच भाल्यांच्या बळावर झुलूंनी बंदुका आणि तोफा असलेल्या ब्रिटिश छावणीचा धुव्वा उडवला. त्या बाजूचे १,३०० हून अधिक लोक मारले गेले. झुलूंजवळ तलवार परवडण्याइतके पैसे नव्हते, असे आपण म्हणणार का?

सुतारकाम :
आपण दोघेही लोखंडाचे गोडवे गात आहात. भाला मुळात लाकडाचा आहे, लोखंड त्याला फार उशिरा लागले. इंग्लंडमध्ये क्लॅक्टन येथे १९११ साली यू वृक्षाच्या लाकडाचे जे टोक सापडले, ते सुमारे चार लाख वर्षांपूर्वीचे आहे. जर्मनीत शोनिंगेनच्या कोळसा खाणीत पुरातत्त्वज्ञ हार्टमुट टीमे यांना १९९० च्या दशकात घोड्यांच्या हाडांबरोबर अखंड लाकडी भाले मिळाले. मी तीस वर्षे लाकडात हात घालून बसलो आहे, म्हणून सांगतो, त्या कारागिराला काम कळत होते. सावकाश वाढलेले, दाट वलयांचे स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे खोड त्याने निवडले, टोकासाठी बुंध्याकडचा कठीण भाग घेतला आणि टोक बरोबर मध्यावर न काढता, मऊ गाभा टाळून, एका बाजूला सरकवून काढले. मी पहिला दांडा केला तो करवतीने कापलेल्या पट्टीतून. लाकडाच्या तंतूंची रेषा कडेला निसटली होती, ते मला दिसले नाही. पहिल्याच दणक्याला तो तिरका फाटला आणि त्याची ढलपी तळहातात घुसली. त्यानंतर मी दांड्याचे लाकूड फोडूनच काढतो. लाकूड कुजते आणि दगड टिकतो, म्हणून आपण त्या सगळ्या काळाला अश्मयुग म्हणून मोकळे होतो. हा त्या कारागिरांवर अन्याय आहे, आणि तो मी दिसेल तिथे बोलून दाखवणार आहे.

जुना भालाफेकपटू :
शोनिंगेनचे भाले फेकण्याचे होते, हेही सांगा की! त्यांची जास्तीत जास्त जाडी आणि वजन पुढच्या भागात आहे. १९८४ साली उवे होनने १०४.८० मीटर फेक केल्यानंतर १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य मुद्दाम पुढे आणला गेला, जेणेकरून टोक लवकर खाली वळावे. त्याच सुमारास मी मैदानात उतरलो; जुना भाला तरंगत जाऊन आडवा पडे, नवा टोकावर रुतत असे. पुढे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात भालाफेकपटूंनी शोनिंगेनच्या प्रतिकृती २० मीटरवरच्या लक्ष्यापर्यंत फेकून दाखवल्या. त्यांचे वजन ७६० ते ८०० ग्रॅम होते, म्हणजे जवळजवळ आजच्या पुरुषांच्या भाल्याएवढेच.

सुतारकाम :
वजन पुढे आहे, कारण बुंधा जाड असतो आणि शेंडा बारीक! कठीण टोक हवे म्हणून बुंधा पुढे घेतला की जाडी आपोआप पुढे येते. त्यातून फेकण्याचा हेतू सिद्ध होत नाही. जर्मनीतल्याच लेहरिंगेनला १९४८ साली २.३८ मीटरचा यूचा भाला हत्तीच्या बरगड्यांमध्ये सापडला. तो काय लांबून फेकलेला होता?

जुना भालाफेकपटू :
आपण कधी भाला फेकला आहे का? माझे कोपर आजही पूर्ण सरळ होत नाही, तेव्हा हाताला काय जमते ते मला शिकवू नका. आम्ही वर्षानुवर्षे केवळ अंतरासाठी फेकत होतो, नेमासाठी कधीच नाही, आणि तरीही त्या खेळाडूंनी लक्ष्य गाठले. लहानपणापासून नेम धरून फेकणारा शिकारी काय करत असेल? टास्मानियाचे मूळ रहिवासी एकसंध लाकडी भाले फेकूनच शिकार करत, दगडी टोक नाही आणि फेकीचा जोर वाढवणारे साधनही नाही.

पोलाद :
मूळ मुद्दा तलवारीचा होता, तो या भांडणात हरवला आहे. तरी शोनिंगेनच्या भाल्यांबद्दल एवढ्या ठामपणे बोलणाऱ्यांना विचारतो : त्यांचे वय आधी चार लाख, मग तीन लाख, आणि २०२५ मधल्या नव्या कालमापनात दोन लाख वर्षे. ज्याचे वय ठरत नाही, त्यावर एवढा डोलारा?

रानवाट :
दोन लाखच धरा. तलवार ब्राँझ आल्यानंतरची, म्हणजे पाच हजार वर्षांच्या आसपासची. वजाबाकी आपणच करा. आणि ‘परवडत नसे’ या वाक्याचे काय, ते अजूनही लेखात तसेच आहे.

पोलाद :
वाक्य बदलतो, पण नाइलाजाने आणि अर्धेच. ‘तलवार परवडणारेही आधी भाला उचलत’ एवढे मला मान्य आहे, कारण हॉप्लाइटच्या कमरेची तलवार मला नाकारता येत नाही. पिडनाबद्दलचा माझा एक शब्दही मी मागे घेत नाही.

सुतारकाम :
भालाफेकपटू, टास्मानियाचे उदाहरण मला खोडता येत नाही, तेव्हा एकसंध लाकडी भाला फेकून शिकार होते, हे मान्य. शोनिंगेनचे सगळे भाले त्यासाठीच होते, हे मात्र मान्य नाही, काही १.८ मीटरच्या आसपास तर काही अडीच मीटरपर्यंत लांब आहेत, ते सगळे एकाच कामाचे कसे असतील? आपल्या हाताच्या अनुभवापुढे मी एवढ्या ताठ्याने बोलायला नको होते. माझ्याकडे एक सरळ, बिनगाठीचे खोड सावलीत सुकत पडले आहे. ते फोडून, टोक गाभा टाळून काढून पाहतो, आणि रेषा शेवटपर्यंत सरळ उतरली तर लांबी व वजन इथे लिहितो.