रणगाडा लढाईतून आलाय की विहिरीतून?

एकावर_पस्तीस
हल्ली १/३५ मापाची जी लष्करी मॉडेलं दिसतात, त्यातली निम्मी विहिरीतून उपसून काढल्यासारखी असतात. जर्मन टायगर रणगाडा असो की सोव्हिएत टी-३४, टरेटपासून (तोफेच्या फिरत्या घुमटापासून) चाकांपर्यंत नारिंगी गंज, प्रत्येक कडेचा रंग खरचटलेला आणि वरून धूळ म्हणून मूठभर रंगीत पावडर. बाटल्या विकत घेतल्यात म्हणून त्या संपवायच्या, असा प्रकार.

जरा हिशोब करा. या मापात १ मिमी म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटर. रंग उडालाय असं दाखवायला स्पंजने टिपलेला २ मिमीचा टवका म्हणजे तिथे ७ सेंटिमीटरचा खड्डा. असे दोनशे टवके कोणत्या गाडीवर होते?

दुसरं म्हणजे वय. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवरचे कितीतरी रणगाडे काही महिनेच टिकले. तेवढ्यात जाड चिलखत गंजून पापुद्रे सुटत नाहीत. जर्मन गाड्यांवर तर रंगाखाली विटकरी प्रायमर असे, त्यामुळे रंग उडाला तरी आधी तोच दिसणार. धूळ, चिखल, सांडलेलं इंधन, तेलाचे ओघळ जरूर दाखवा. गंज सायलेन्सरपुरता ठेवा.

गंजकेसरी
साफ असहमत. टवक्यांचा हिशोब केलात, मग खाचांचाही करा की. किटवरची पॅनलची खाच अर्धा मिमी धरली तरी खऱ्या गाडीवर ती पावणेदोन सेंटिमीटरची फट होते. तीही बुजवणार का?

मॉडेल खोलीतल्या दिव्याखाली, हातभर अंतरावरून बघायचं असतं. रिव्हेटची खरी सावली एवढ्या मापात दिसण्याइतकी पडत नाही, ती वॉशने, म्हणजे खाचांत झिरपणाऱ्या पातळ गडद रंगाने, काढावी लागते. नाटकात शेवटच्या रांगेला दिसावी म्हणून नटाची भुवई जाड रंगवतात, तिथे कुणी फूटपट्टी घेऊन जात नाही.

आणि 'काही महिनेच' म्हणजे गाडी कोरी करकरीत राहिली असं नव्हे. पूर्व आघाडीवर हिवाळ्यात गाड्यांना जो पांढरा रंग फासत, तो सैनिकांच्या बुटांनी आणि झाडाझुडपांनी थोड्याच दिवसांत उडायचा. जळालेल्या रणगाड्याचा रंग गेला की उघडं पोलाद काही दिवसांतच लालभडक होतं. तिथे माझा नारिंगी बरोबर आणि तुमचा विटकरी चूक.

कृष्णधवल
दोघांनाही एक आठवण. त्या काळचे बहुतेक फोटो काळेपांढरे आहेत. त्यात गंज आणि ओला चिखल सारखाच गडद दिसतो. पुराव्याच्या जोरावर भांडताय असं वाटू देऊ नका. :)

थिनरबळी
तत्त्वज्ञान चालू द्या, मी माझी रड सांगतो. पँझर ४ या जर्मन रणगाड्याच्या खालच्या भागात रंग न देताच एनॅमल वॉश ओतला, कारण 'तिथे कोण बघतंय'. वॉश चाकांच्या दांड्यांच्या सांध्यात साचला. सकाळी उचलायला गेलो तर तीन दांड्या तडकून हातात. एनॅमलचं थिनर उघड्या, ताण असलेल्या प्लॅस्टिकमध्ये शिरलं की असं होतं.

आता आधी अ‍ॅक्रिलिक रंग, त्यावर ग्लॉस वॉर्निश, ते पूर्ण वाळलं की मगच वॉश. तोही अंगभर फासत नाही. बारीक ब्रशचं टोक रिव्हेटच्या मुळाशी टेकवायचं, वॉश खाचेतून आपोआप धावतो. वीसेक मिनिटांनी थिनरमध्ये बुडवून टिपलेल्या, जेमतेम ओल्या ब्रशने उरलेला डाग वरून खाली ओढायचा. पावसाचे ओघळ फुकटात मिळतात.

पावडरीचं मात्र उलट. तिला खडबडीत मॅट पृष्ठभाग लागतो, ग्लॉसवर ती धरत नाही. आणि शेवटी वरून वॉर्निश मारलंत तर अर्धी फवाऱ्याने उडते, उरलेली ओली होऊन गायब. मी कोरडी पावडर टाकून कडेला फिक्सरचा (पावडर चिकटवणाऱ्या द्रवाचा) थेंब सोडतो, तो स्वतःच पसरतो. वाळेपर्यंत बोट लावायचं नाही!

पहिलंच_किट
चित्रकलेचे खडू किसून चालतील का? पावडरीच्या बाटल्या परवडत नाहीत.

थिनरबळी
कोरडे सॉफ्ट पेस्टल सँडपेपरवर घासा, चालतात. तेलखडू नकोत, त्यांचा लगदा होतो. दोन-तीन छटा मिसळा, एकाच रंगाची धूळ पिठासारखी दिसते.

गंजकेसरी
आणि ट्रॅक सरसकट गंजवू नका, हे मीच सांगतोय. चालत्या गाडीचा पोलादी ट्रॅक जमिनीला लागतो तिथे घासून चकाकतो, गंज फक्त आतल्या बेचक्यांत. पण शर्मन या अमेरिकी रणगाड्याच्या रबरी ठोकळ्यांच्या ट्रॅकवर चंदेरी रंग पाहिला की माझं डोकं फिरतं. रबर कसं चकाकेल? तिथे चमकायचे ते फक्त कडेचे पोलादी जोड.

एकावर_पस्तीस
खाचांचा आणि वॉशचा मुद्दा मान्य. टवक्यांवर ठाम आहे.

बाकी आत्ता कपाट उघडून माझा पहिला शर्मन बाहेर काढला. ट्रॅक रबरी ठोकळ्यांचे, आणि त्यावर मीच मन लावून पेन्सिलचं शिसं घासलंय. थिनरबळी, हे निघेल का?

थिनरबळी
ठोकळ्यांच्या खाचांतून? विसरा. वर चिखल थापा.

गंजकेसरी
भरपूर थापा. :)