मुलीचा पहिला फोन आणि तिच्या हातात पैसे, कसं करता तुम्ही?

तासगावची_आई:
नमस्कार मंडळी, मुलगी दहावी झाली, आता अकरावी सायन्सला सांगलीला घातलीय, रोज एसटीने जाऊन येऊन करणार. एसटीचा पास मुलींना फुकट आहे तेवढं बरंय. पण फोन हवाच, कॉलेजचं आणि क्लासचं सगळं व्हॉट्सॅपवर येतं. बजेट 15 हजार. तिची स्वतःची ओवाळणीची, वाढदिवसाची मिळून 11,400 साठलीत. पुण्याचे दीर म्हणतात माझा जुना आयफोन 11 देतो, पोरीचा जीव त्यात अडकलाय. नवरा म्हणतो बटणाचा घे.

पण माझी खरी अडचण वेगळीये. माझा यूपीआय पिन तिला पाठ आहे (दुकानात पाठवताना मीच सांगितला होता, माझीच चूक). मागच्या महिन्यात स्टेटमेंट बघितलं तर दोन आठवड्यात 2,300 रुपये, कुठे 49, कुठे 99, कुठे 120. क्लिपा, फोनची कव्हरं (फोन नाहीये अजून!!), मैत्रिणीच्या वाढदिवसाचं कायतरी. विचारलं तर म्हणे आई शंभर-शंभरच तर होते. खोटं नाही बोलली, हेच जास्त खटकलं, तिला खरंच ते पैसे वाटतच नाहीत. आता स्वतःचा फोन दिल्यावर काय होणार? फोन कोणता आणि पैशाचं कसं, दोन्ही सांगा.

चिडका_बिब्बा:
तुमचे मिस्टर बरोबर आहेत. बटणाचा घ्या, विषय संपला.

सोल्डरिंगवाला:
बिब्बाभाऊ, बटणाच्या फोनवर प्रॅक्टिकलचं टाइमटेबल कसं उघडायचं ते पण सांगा मग.

ताई, दीर मनाने देतायत ते ठीक, पण आयफोन 11 हे 2019 चं मॉडेल. त्यात 5जी नाही, ते 12 पासून आलं. चार्जरची पिन वेगळी, म्हणजे घरातला टाइप-सी चालणार नाही. सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ बघायला सांगा त्यांना, 80 टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदलायची वेळ आली समजा. आणि एसटीत डिस्प्ले फुटला तर? माझं रिपेअरिंगचंच दुकान आहे, आयफोनच्या डिस्प्लेचा आकडा ऐकून गिऱ्हाईक स्टुलावर बसतं.

नवीन अँड्रॉइड घ्यायचा तर कॅमेरा किती मेगापिक्सेल ते सोडा, सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. आता स्वस्तातल्या काही मॉडेलना पण 6 वर्षं मिळतात, काहींना दोनच. 128 जीबी हवेच, 64 सहा महिन्यात भरतं. सेकंडहँड घेणार असाल तर *#06# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) काढा, KYM लिहून जागा सोडून तो नंबर लिहा आणि 14422 ला एसएमएस करा, फोन ब्लॅकलिस्ट असेल तर कळतं. पोरीच्या हातात चोरीचा फोन जायला नको.

पेन्शनर_कॅशियर:
पहिलं काम, आजच पिन बदला. बाकीचं नंतर वाचा.

बदलला? आता ऐका. 10 वर्षांच्या पुढच्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेने 2014 पासून परवानगी दिलीय, 2025 मध्ये नियम पुन्हा नीट मांडले. स्टेट बँकेचं 'पहली उडान' त्यासाठीच आहे. 18 वर्षांखालच्या मुलाच्या खात्यात ओव्हरड्राफ्ट चालत नाही, म्हणजे संपले की संपले. हाच त्यातला फायदा. ते 11,400 तिच्या नावावर टाका आणि फोनमध्ये तिचा वाटा तिला स्वतः काढून आणू दे. विड्रॉल स्लिप भरून, रांगेत उभं राहून. नोटा मोजून हातातून गेल्या की जीव थोडा तुटतो, स्कॅन केल्यावर नाही तुटत.

रोजच्या खर्चाला यूपीआय सर्कल बघा, 2024 ला आलं. खातं तुमचंच, पण तिच्या फोनवरून तिला पैसे देता येतात. दोन प्रकार आहेत, एकात महिन्याची मर्यादा तुम्ही ठरवता (जास्तीत जास्त 15,000, एका वेळी 5,000, तुम्ही 800 ठेवा की), दुसऱ्यात प्रत्येक वेळी तुमच्याकडे रिक्वेस्ट येते आणि पिन तुम्ही टाकता. सुरुवात दुसऱ्याने करा. वडापावच्या 20 रुपयांसाठी आईला विचारायचं म्हटल्यावर आपोआप विचार होतो.

आणि फोन हातात देण्याआधी दोन गोष्टी पाठ करून घ्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. गडबड झाली तर लपवायचं नाही, लगेच 1930 ला फोन, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. पोरं ओरडा बसेल म्हणून दोन दिवस गप्प बसतात आणि तेवढ्यात पैसे चार खाती फिरून गेलेले असतात.

कोथरूडची_मावशी:
काका, रोज रिक्वेस्ट आली तर आईच वेडी होईल हो. आमच्याकडे लेकाला महिन्याला 1,000 ठरवून दिले, त्यातच रिचार्ज, झेरॉक्स, कँटीन, सगळं. पहिल्या महिन्यात 20 तारखेला साहेबांचं नेट बंद. रिचार्ज 28 दिवसांचा असतो, म्हणजे वर्षात 12 नाही 13 मारावे लागतात, हे त्याला तेव्हा कळलं (आणि खरं सांगू, मला पण). आठ दिवस घरच्या वायफायवर काढले, बाहेर गेला की मित्राचा हॉटस्पॉट. माझा जीव वरखाली होत होता तरी नाही दिले. सासूबाईंनी गुपचूप दोनशे दिले ते मला नंतर कळलं, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा!

अजून एक, दुकानात क्रेडिट कार्डवर नो कॉस्ट ईएमआय (बिनव्याजी हप्ते) म्हणतील. आम्ही त्याला शेजारी बसवून बिल वाचायला लावलं. व्याज डिस्काउंटमध्ये वजा दाखवतात पण त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी आपल्याच डोक्यावर, वर प्रोसेसिंग फी. समजा व्याज 800 धरलं तर 144 तिथेच गेले, फी 199 असेल तर ती पण जीएसटी लागून 235 च्या घरात. "मग नो कॉस्ट कशाला म्हणतात" असं त्याने सेल्समनलाच विचारलं, तो बिचारा पाणी प्यायला गेला.

चिडका_बिब्बा:
सासूबाईंचं आवडलं. बटणाच्या फोनला 13 रिचार्ज पण कमी पैशात होतात हं.

तासगावची_आई:
सगळ्यांना खूप थँक्यू. पिन बदलला, संध्याकाळीच तिला कळलं, "आई पिन चुकीचा येतोय" 😄 म्हणजे परत काहीतरी चाललंच होतं.

काल रात्री तिला हा धागा वाचायला दिला. रिचार्जचं वाचून कॅल्क्युलेटर काढून बसली, 28 चा परवडतो का 84 चा. असं ठरलंय, नवीन अँड्रॉइड, 15 मधले 5 हजार तिचे, बँकेतून तीच काढणार. सिम माझ्या नावावर. महिन्याला 800, रिचार्ज त्यातच. तिचं म्हणणं 800 त भागणार नाही, मी म्हटलं तीन महिने लिहून दाखव मग बघू. यूपीआय सर्कल दिवाळीनंतर, तोवर रोख. कव्हर घ्यायला नको, चार आहेत.

आता फक्त दिरांना आयफोन नको म्हणून कसं सांगायचं तेवढं सुचवा कोणीतरी, त्यांनी डबासुद्धा शोधून ठेवलाय.