फेअरिंगच्या (बाईकच्या बाहेरच्या प्लास्टिक पॅनलांच्या) प्लास्टिक क्लिपा न मोडता कशा काढता? अनुभव धागा

दहाचा पाना
आज खाली पार्किंगमध्ये कुणीतरी बाईकचं साइड पॅनल ओढलं आणि 'कट्ट' झालं. खुंटी तुटल्याचा आवाज, ओळखीचाच. पावसाळा तोंडावर आहे, एअर फिल्टर-बॅटरीसाठी प्लास्टिक उतरवावंच लागणार. म्हणून धागा.

सुरुवात करतो. गोल काळ्या क्लिपेची मधली पिन आधी नीट बघा. डोक्याशी सपाट, मध्ये बारीक खळगा असेल तर ती दाबायची, बोथट टोकाने २-३ मिमी. 'टिक' लागलं की थांबा. पिनेचा बारीक भाग क्लिपेच्या पायांमध्ये येतो, पाय मिटतात आणि क्लिप नखाने निघते. पिनेच्या कडेला खाच असेल तर ती उचलायची. डोक्यावर फुली असेल तर थोडी उलटी फिरवून वर घ्यायची. तिन्ही सरसकट उचकटल्या तर पॅनलचं भोक फाटतं. क्लिप नवी मिळते, भोक मिळत नाही.

भिजकी सीट
टिक नंतर थांबा हे मोठ्या अक्षरात लिहा हो. जास्त दाबलं की पिन आरपार आत पडते, मग फेअरिंगचा खुळखुळा.

डबल फास्ट
२ मिमी अंदाजाने कसं कळणार?

दहाचा पाना
अडीच मिमीच्या एलन कीला (षटकोनी पाना) टेप गुंडाळा, टोक २ मिमी बाहेर ठेवा. टेप क्लिपेच्या डोक्याला टेकली की बस. टिक नाही लागलं तर टेप अर्धा मिमी मागे सरकवा.

माटुंग्याची काकू
दाबूनही हलत नसेल तर तिथे जोर नका लावू. आत माती बसलेली असते, आपल्याकडे एका पावसाळ्यात चाकाजवळच्या क्लिपा सिमेंट होतात. साबणपाणी, जुना टूथब्रश, १० मिनिटं भिजू द्या, मग दाबा. पेट्रोल, थिनर अजिबात नको. पॅनल एबीएसचं असतं (ब्रेकवालं नाही, प्लास्टिकचा प्रकार), चर्रकन चिरा जातात.

डबल फास्ट
काकू, तुम्ही स्वतः करता हे??

माटुंग्याची काकू
नाही, शेजारची मांजर करते. पुढचं विचार.

ट्रॅफिकमधला तुका
क्लिप राहू दे, लोक खुंट्या जास्त मोडतात. पॅनलच्या मागची खुंटी टाकीजवळच्या रबरी ग्रॉमेटमध्ये (भोकात बसवलेली रबरी कडी) घुसलेली असते. लांबचा कोपरा धरून ओढलं की सगळा जोर खुंटीच्या मुळाशी. खुंटीच्या दोन्ही बाजूंना बोटं घालून सरळ बाहेर ओढा, तिरकं नाही. घट्ट असेल तर रबरावर सिलिकॉन स्प्रे किंवा साबणपाणी. ग्रीस नको, रबर फुगतं.
आणि पॅनल सुटलं की लगेच लटकवू नका!! आधी इंडिकेटरचं कनेक्टर काढा, लॉक दाबून. वायर धरून नाही.

भिजकी सीट
इंडिकेटरवरून आठवलं, रिले टिकटिक फास्ट करतोय, बल्ब गेला का?

ट्रॅफिकमधला तुका
बहुतेक एका बाजूचा गेलाय, नाहीतर एलईडी लावलेत. वेगळा धागा काढ रे.

नट बोल्ट बोरिवली
बाईकच्या पुढच्या व्हायझरचे स्क्रू गोल गोल फिरतात आणि निघत नाहीत, त्याचं सांगा कुणीतरी. सांगतोच. तो वेल नट असतो, रबराच्या नळीत पितळी नट. खारी हवा, स्क्रू गंजतो, मग नटासकट सगळं रबर फिरतं. व्हायझर हलकेच स्वतःकडे ओढून ताण द्या, रबराची कड पकडीने धरा, मग फिरवा. बसवताना हाताने घट्ट झालं की अर्धा फेरा, पुरे. जास्त आवळलं की रबर फाटतं.
लॉक्टाइट (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) प्लास्टिकजवळ नको. एबीएसला काही दिवसांनी भेगा पडतात, आणि लोक दोष खड्ड्यांना देतात (खड्डेही काही साधू नाहीत).

उपनगरी
जपानी बाईकवर फुलीचे स्क्रू जेआयएस (जपानी मानकाचे) असतात, साध्या फिलिप्सने टोक उसळतं आणि फुली खाल्ली जाते. जेआयएसचा ड्रायव्हर घ्या, दाब जास्त, फिरवणं हळू. बाकी वर आलंच आहे.

डबल फास्ट
क्लिपा कुठे मिळतील? कुर्ल्याला सीएसटी रोडला?

माटुंग्याची काकू
मिळतील. जुनी क्लिप सोबत ने. माप क्लिपेचं नाही, भोकाचं घे, ६ की ८ मिमी. आणि एकत्र दोन पॅनलची जाडी बघ, पाय आखूड पडले तर क्लिप धरतच नाही.
बसवताना लोक काय चुकतात माहितीये? पिन आत दाबलेली तशीच ठेवून क्लिप घालतात. आधी मागून ढकलून पिन डोक्याच्या वर आण, पाय मिटू देत, भोकात घाल, मग पिन सपाट होईपर्यंतच दाब.

नट बोल्ट बोरिवली
मोडलेली खुंटी असेल तर एबीएसचे तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून घट्ट खळ करा, लावा, २४ तास हात नको. पॅनलच्या आतल्या बाजूला एबीएस लिहिलंय का आधी बघा. पीपी (पॉलिप्रॉपिलीन, दुसरं प्लास्टिक) असेल तर चिकटणारच नाही.

भिजकी सीट
काकू तर थिनर नको म्हणाल्या?

नट बोल्ट बोरिवली
विरघळतं म्हणूनच तर जोडतं. फक्त तुटलेल्या कडेला, रंगावर थेंबही नको.

दहाचा पाना
खालच्या मुलाला धागा दाखवला. पॅनल बसलं म्हणे. दोन क्लिपा उरल्यात, त्या कुठल्या विचारतोय.

ट्रॅफिकमधला तुका
बघ म्हणावं चाकाच्या मागे, खालच्या कडेला. आणि पुढच्या वेळी पुठ्ठ्यावर बाईकचं चित्र काढून जागच्या जागी टोच म्हणावं.