पेशींचा ‘प्रसार’ की ‘गुणन’?

रानजाई : मेनिंजिओमाची, म्हणजे मेंदूच्या आवरणात होणाऱ्या गाठीची, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसाठीचे एक माहितीपत्रक मराठीत आणते आहे. ‘की-६७’ या चाचणीच्या परिच्छेदात आधीच्या अनुवादकाने ‘प्रोलिफरेशन इंडेक्स’साठी ‘पेशीप्रसार-निर्देशांक’ असा शब्द ठेवला आहे. तो वाचून माझ्या मावशीने घाबरून विचारले, “म्हणजे गाठ मेंदूभर पसरली आहे का?” या जागी कोणता शब्द योग्य ठरेल?

नीलमोहर : मावशींचे बरोबर आहे. ‘प्रसार’ हा ‘सृ’ धातूपासून आला असून त्यात सरकत पुढे जाण्याचा अर्थ आहे. म्हणून तो साथीचा किंवा विचारांचा होतो. एका पेशीच्या दोन आणि दोनांच्या चार होणे हे ‘गुणन’च. ‘पेशीगुणन’ लिहावे.

औदुंबर : विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत असल्यामुळे मला ‘गुणन’ही खटकते. की-६७ हे विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींच्या केंद्रकात आढळणारे आणि विश्रांत पेशींत न आढळणारे प्रथिन आहे. काचपट्टीवर रंग दिल्यावर अशी केंद्रके तपकिरी आणि बाकीची निळी दिसतात. शंभरांत पाच तपकिरी असतील, तर निर्देशांक ५ टक्के. पेशी किती वेगाने दुप्पट होत आहेत हे त्यावरून कळत नाही, म्हणून मी ‘विभाजनशील पेशींचे प्रमाण’ असे लिहीन. शिवाय सर्वांत दाट तपकिरी भाग मोजला की आकडा चढतो आणि सरासरी काढली की उतरतो. त्यामुळे ‘पुनरुद्भवाचे भाकीत’ असे कुठे लिहिले असेल, तर ते आधी काढावे. गाठ पुन्हा होण्याची शक्यता ठरवताना शस्त्रक्रियेत ती किती निघाली आणि तिची श्रेणी (आक्रमकतेची पायरी) कोणती, हे पाहावे लागते. निर्देशांक त्यांच्या जोडीने वाचायचा असतो. ‘भाकीत’च्या जागी ‘संभव’ पुरे. आणि ‘की’चा किल्लीशी संबंध नाही, १९८३ साली ज्या प्रतिपिंडामुळे हे प्रथिन प्रथम ओळखले गेले, ते जर्मनीतील कील शहरात तयार झाले होते.

शुक्रतारा : ‘पुनरुद्भव’ तरी कशाला? आमच्याकडे ‘विषमज्वर उलटला’ असे सर्रास म्हणतात. मग ‘गाठ उलटली’ का चालू नये?

नीलमोहर : ‘उलटणे’ हे पुरत्या न गेलेल्या दुखण्याचे असते. पूर्ण काढलेली गाठ काही वर्षांनी त्याच जागी आली, तर ती उलटली असे म्हणता येणार नाही.

शुक्रतारा : पूर्ण निघाली हे कोणी सांगावे? नजरेला न दिसणाऱ्या पेशी मेंदूच्या आवरणात राहून जाऊ शकतात आणि तिथूनच गाठ पुन्हा वाढते. तेव्हा दुखणे पुरते गेलेलेच नव्हते.

औदुंबर : तरीही उलटतो तो आजार, गाठ नव्हे. ‘गाठ उलटली’ हे वाचून ती जागेवरून फिरली, असाच अर्थ कोणीही घेईल.