मदत हवी आहे: पुस्तकांच्या कपाटासाठी डिह्युमिडिफायर कोणता घेऊ? (ठाणे, घोडबंदर रोड)

घोडबंदरवाली:
थेट मुद्द्यावर येते. पुस्तकांचं कपाट उघडलं की कुबट वास नाकात जातो. खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं डागाळली आहेत. डांबरगोळ्या टाकल्या, कापूर ठेवला, कडुनिंबाचा पाला घातला. कशानेही फरक नाही. आता डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) घ्यायचाच असं ठरवलंय. कोणता घेऊ? ज्यांनी स्वतः वापरलाय त्यांनीच सांगा प्लीज, आणि जरा लवकर, कारण रविवारी नणंद राहायला येतेय आणि तिची झोपायची सोय त्याच खोलीत आहे. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे ठाऊक आहे, ते लिहू नका.

नौपाडा_जुना:
खोली केवढी? कितवा मजला? कपाट लाकडी की लोखंडी? आणि डाग कसले? काळे-हिरवे मखमलीसारखे, पिवळट ठिपके, की कागद वरवर खरवडल्यासारखा? एवढं कळल्याशिवाय यंत्र काय सुचवणार, कपाळ?

आप्पा६१:
वेखंड. बाकी सगळं सोडा. जांभळी नाक्याला काष्ठौषधीच्या दुकानात विचारा. कांड्याच आणायच्या, तयार पूड नको, तिचा वास चार दिवसांत उडतो. जाडसर कुटायच्या आणि मलमलच्या पुरचुंड्या करून प्रत्येक फळीवर दोन्ही टोकांना ठेवायच्या. आमच्याकडच्या पोथ्या वेखंडावर टिकल्या, विजेवर नाही.

घोडबंदरवाली:
खोली दहा बाय बारा. दुसरा मजला. कपाट प्लायचं. डाग काळपट. आप्पा, वेखंडही आणते, पण यंत्राचं कुणीतरी बोला हो.

वाशी_खाडी:
मी वापरतो, तेव्हा बोलायला हरकत नाही. यात दोन जाती आहेत. एक कॉम्प्रेसरवाला, फ्रिजसारखा: आतल्या गार नळ्यांवर हवेतलं बाष्प जमतं आणि थेंब थेंब खालच्या टाकीत पडतं. दुसरा पेल्टियरवाला: छोटा, स्वस्त, दिसायला गोंडस. तो खोलीसाठी घेऊ नका. दिवसभर चालवून पेलाभर पाणी निघालं तर नशीब.

कॉम्प्रेसरवाल्यावर १० लिटर, १२ लिटर असं लिहिलेलं असतं. तो आकडा बहुतेक वेळा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो. खोली सुकत गेली की पाणी कमी निघणारच, त्यामुळे यंत्र बिघडलं म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. वीज साधारण २०० ते ३०० वॉट. खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर अख्ख्या घोडबंदर रोडची हवा सुकवत बसाल. शिवाय मागून गरम हवा सोडतं आणि घुंईघुंई करतं. नणंदबाईंच्या उशाशी लावायची वस्तू नव्हे.

मीनल_के:
इतका खर्च कशाला? त्या खोलीतला एसी ड्राय मोडवर टाका रोज दोन तास. आमच्या कोलशेतच्या घरात तेवढ्यावर भागतं.

वाशी_खाडी:
ड्राय मोडवरही एसी खोली गार करतच असतो. पावसात बाहेरच २६-२७ अंश असताना खोली पटकन थंड होते, कॉम्प्रेसर थांबतो आणि हवा तशीच दमट राहते. पावसाळ्यात एसीवर विसंबण्यात अर्थ नाही.

मीनल_के:
तुमच्याकडे नसेल चालत. आमच्याकडे चालतं. नवीन वस्तू आणण्याआधी घरात आहे ते वापरून बघावं, इतकंच म्हणणं होतं.

घोडबंदरवाली:
त्या खोलीत एसी नाहीये.

मीनल_के:
मग हे आधी सांगायचं ना!

ई_वाचक:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ठाण्यात चौरस फुटाचा भाव काय आहे? त्या जागेत कागद कसले साठवता? किंडल घ्या, सगळी लायब्ररी उशाखाली मावते. बुरशी नाही, वाळवी नाही.

घोडबंदरवाली:
यातली निम्मी पुस्तकं आईची आहेत. तिची 'रुचिरा' आहे, तिच्यात अनारशांच्या पानावर पेन्सिलने "पीठ अजून एक रात्र" असं लिहिलंय आणि कोपरा तुपाने पारदर्शक झालाय. ती किंडलवर मिळते का?

सरोजमावशी_ठाणे:
अगं, कमलाबाईंची 'रुचिरा'! १९७० साली आली, आणि वाटी-चमच्याची मापं देऊन आमच्यासारख्या नवख्या सुनांवर उपकार केले. तुझी कोणती आवृत्ती? जुन्या पुस्तकाचा पुठ्ठा बघ, त्याला बहुतेक खळ असते. त्या खळीवरच सगळे किडे तुटून पडतात.

शशांक_वर्तकनगर:
'रुचिरा' आजही दुकानात मिळते हो. बुरशीची प्रत फेका, नवीन घ्या. पेन्सिलीच्या नोंदींचे फोटो काढून ठेवा.

सरोजमावशी_ठाणे:
आईच्या हातचं अक्षर फेका म्हणे! घोडबंदरवाली, याचं ऐकू नकोस.

शशांक_वर्तकनगर:
मावशी, भावना वेगळ्या आणि फुप्फुसं वेगळी. मला दमा आहे, म्हणून बोलतो.

नौपाडा_जुना:
मूळ प्रश्नावर येऊ या. काळपट डाग असतील तर ती बुरशी. आप्पा, वेखंडाने कसर दूर राहील, म्हणजे ती चंदेरी, सरपटणारी, खळ आणि स्टार्च खाणारी. कसरीचं काम वेगळं दिसतं: पानाचा वरचा थर खरवडलेला, कडा नागमोडी. बुरशीला वेखंडाचं काय सोयरसुतक? हवेत सतत ६५-७० टक्क्यांच्या वर ओल राहिली की ती वाढते, मग पुरचुंड्या कितीही बांधा.

आप्पा६१:
कसर आणि बुरशी दोन्ही ओलीच्याच लेकी. आणि वेखंडाने बुरशीही धरत नाही, हा अनुभव आहे. पुस्तकी ज्ञान नव्हे.

नौपाडा_जुना:
तुमच्या पोथ्या कुठे होत्या?

आप्पा६१:
वाईला. वाड्यात, माडीवर.

नौपाडा_जुना:
बरोबर. वाईची माडी आणि घोडबंदरचा दुसरा मजला यांत काही फरक आहे की नाही?

सरोजमावशी_ठाणे:
अगं घोडबंदरवाली, डांबरगोळ्या अजून कपाटातच आहेत का? पाहुणे तिथे झोपणार म्हणालीस. नणंदेबरोबर लहान मूल नाही ना?

घोडबंदरवाली:
आहे की. चार महिन्यांचं. का?

सरोजमावशी_ठाणे:
मग आत्ता, हे वाचल्या वाचल्या, सगळ्या गोळ्या काढ आणि खोली मोकळी वाऱ्यावर टाक. नॅफ्थलिनची वाफ तान्ह्या बाळांना बाधते. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. घरच्यांना आधी पत्ताही नसतो. मी नर्सिंग केलंय, उगाच घाबरवत नाहीये. बाळाची दुपटी तर त्या कपाटाच्या जवळपासही ठेवू नका. आणि बुरशीला त्या गोळ्या तशाही काही करत नाहीत.

घोडबंदरवाली:
काढल्या. गॅलरीत डब्यात ठेवल्यात. हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं. बाळाला हॉलमध्ये झोपवू. पण यंत्र???

पोखरण_दोन:
वरच्या मजल्यावरून गळती आहे का? मग यंत्र-बिंत्र सोडा, सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी आणि सामाईक पाइपची गळती ही सोसायटीची जबाबदारी. दोन फ्लॅटमधली आपसातली गळती असेल तर खर्च त्या दोघांनी बघायचा. आमच्या सेक्रेटरींनी हे तीन सभांमध्ये उलटं सांगितलं. शेवटी मीच उपविधींची प्रत टेबलावर ठेवली. हवा असेल तर अर्जाचा मसुदा देतो.

घोडबंदरवाली:
वरून गळती नाहीये. छत कोरडं आहे.

नौपाडा_जुना:
कपाटाच्या मागे काय आहे?

घोडबंदरवाली:
भिंत.

नौपाडा_जुना:
भिंतीच्या मागे?

घोडबंदरवाली:
बाथरूम. आमचंच.

नौपाडा_जुना:
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर एवढ्यात धागा संपला असता. खालच्याच दोन फळ्या का, हे आता लक्षात आलं का? ओल खालून चढतेय. यंत्र आणायच्या आधी बिनपैशाची एक चाचणी करा. कपाट ओढून घ्या. फूटभर चौकोनी पारदर्शक प्लास्टिक भिंतीला खालच्या बाजूस लावा, चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दीड-दोन दिवस तसंच राहू द्या. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीकडून आले तर पाणी भिंतीतलं आहे. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतलं.

वाशी_खाडी:
हे मान्य. भिंतीत पाणी असेल तर माझं यंत्र रात्रंदिवस चालवून तुमचं बाथरूम उपसत बसेल.

शशांक_वर्तकनगर:
अवांतर: जुनी पुस्तकं नकोशी असतील तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला विचारा. १८९३ पासूनची संस्था आहे, त्यांना पुस्तकांची कदर असते.

सरोजमावशी_ठाणे:
बुरशी धरलेली पुस्तकं ग्रंथालयात नेणार? शेजारच्या कपाटांना लागण होईल. आणि द्यायची आहेत असं म्हणालंय कोण?

घोडबंदरवाली:
प्लास्टिक लावलं होतं. थेंब आतून, अगदी रांगेने. कपाट ओढलं तर मागचा प्लाय खाली फुगलाय आणि हाताला पिठासारखं पांढरं लागतंय. बाथरूममध्ये नहाणीच्या जाळीभोवतीचं सिमेंट आणि खालच्या टाइल्सच्या फटी उकरल्यासारख्या झाल्यात. प्लंबर शनिवारी येतोय. तो म्हणतो सगळं फोडावं लागेल. खरं आहे का?

पोखरण_दोन:
प्लंबर नेहमी तेच म्हणतो. आधी ते बाथरूम दोन दिवस पूर्ण बंद ठेवा आणि भिंत सुकायला लागते का बघा. तरीही सुकत नसेल तर भिंतीतला पाण्याचा पाइप तपासायला सांगा, त्यात चोवीस तास पाणी भरलेलं असतं. सुकायला लागली तर दोष नहाणी ट्रॅपमध्ये (जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्यात) किंवा फटींमध्ये. फटी उकरून इपॉक्सी ग्राउट भरायला सांगा, पांढऱ्या सिमेंटवर भागवू देऊ नका. फोडाफोड सगळ्यात शेवटी.

घोडबंदरवाली:
ठीक. यंत्र तूर्त मागवत नाही, आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मागवलंय. पुस्तकं गच्चीवर उन्हात टाकू का? आज जरा उघडलंय.

सरोजमावशी_ठाणे:
कडक उन्हात नको, पुठ्ठे वाकडे होतात आणि शाई उडते. घरातच सावलीत, पंख्याखाली, उभी करून पानं पंख्यासारखी मोकळी ठेव. ओली असताना बुरशी पुसू नकोस, कागदात आणखी मुरते. पूर्ण वाळली की एन-९५ मास्क लावून गॅलरीत मऊ ब्रशने झाड, ब्रश बाहेरच्या दिशेने. बाळ घरात असताना हे काम करू नकोस.

आप्पा६१:
आणि वाळली की वेखंड.

नौपाडा_जुना:
ठेवा हो आप्पांच्या समाधानासाठी, कसर तरी लांब राहील. कसर आधीच असेल तर ती पुस्तकं वाळल्यावर झिपच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर गार पुठ्ठ्यावर दव धरेल. पण बुरशी थंडीने मरत नाही, नुसती निजते.

मीनल_के:
फ्रीझरमध्ये पुस्तकं? मासळी कुठे ठेवायची मग?

वाशी_खाडी:
सिलिका जेलबद्दल कुणी विचारलं नाही, तरी लिहून ठेवतो. उघडझाप होणाऱ्या कपाटात त्याचा उपयोग नाही, बंद डब्यात आहे. आईची 'रुचिरा' घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत जेलच्या पुड्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांना तापवून पुन्हा वापरता येतात. निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. केशरी घ्या. तुम्हाला बाजारात पाणी धरणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे दिसतील, ते पुस्तकांच्या वरच्या फळीवर चुकूनही ठेवू नका. कलंडला की खारं पाणी थेट पुस्तकांवर.

घोडबंदरवाली:
भिंत सुकल्यावर कपाट परत तिथेच ठेवावं लागेल, दुसरी जागाच नाही. भिंतीपासून किती अंतर ठेवू?

नौपाडा_जुना:
मागे हात घालून झाडू फिरवता येईल एवढं. आणि खालची फळी जमिनीपासून वीतभर उचला, पायांखाली प्लास्टिकचे ठोकळे देऊन. लाकडाचे नकोत.