स्वस्तातला डिजिटल कॅमेरा घ्यावा का? आपले अनुभव लिहा

माझी भाची यंदा अकरावीत गेली आणि वाढदिवसाला तिने डिजिटल कॅमेरा मागितला. हातात बरा फोन असताना हिला कॅमेरा कशाला हवा, असा प्रश्न घरातल्या सगळ्यांनी विचारला आणि तिला त्याचे धड उत्तर देता आले नाही. ज्या कोल्हापुरात चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमारास चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः घडवला, ज्या गावाने खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभारला, त्या गावात राहून 'कॅमेरा कशाला हवा' असे विचारणे थोडे ओशाळवाणे आहे, हे मी जाणतो. पण आमचे बजेट सहा-सात हजारांचे आहे आणि या रकमेत नवा, जुना की मुळीच नाही, हे ठरत नाही. ज्यांनी असा कॅमेरा प्रत्यक्ष वापरला आहे त्यांनी तो कशासाठी घेतला, आज तो कुठे आहे आणि पैसे वसूल झाले का, हे कृपया लिहावे. ऐकीव माहिती माझ्याकडे पुष्कळ जमली आहे.

बँक कर्मचारी, राजारामपुरी

मागच्या दिवाळीत मी मुलासाठी चार हजार दोनशे रुपयांचा कॅमेरा ऑनलाइन मागवला. कंपनीचे नाव त्याआधी कधी ऐकलेले नव्हते आणि नंतरही ऐकले नाही. खोक्यावर ४८ मेगापिक्सेल (म्हणजे फोटोत ४.८ कोटी ठिपके), १६ पट झूम आणि फोर-के व्हिडिओ असे तीन शिक्के होते. पहिल्याच संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर जाऊन संध्यामठाचे दोन-चार फोटो काढले आणि मागच्या छोट्या पडद्यावर ते ठीकच वाटले. घरी संगणकावर मोठे करून पाहिले, तेव्हा मात्र लाटा, मठाचे दगड आणि काठावरचे गवत ओल्या कागदावर ओघळलेल्या रंगासारखे एकमेकांत मिसळलेले दिसले.

मग मी एक प्रयोग केला. जेवणाच्या टेबलावर पंचांगाचे पान ठेवले आणि एकाच जागेवरून एक फोटो ४८ मेगापिक्सेलवर, दुसरा १२वर काढला. दोन्हींत अक्षरे सारखीच वाचता येत होती, किंबहुना सारखीच वाचता येत नव्हती. फरक होता तो फक्त फाइलच्या आकारात. प्रकाश टिपणारा सेन्सर मुळात कमी ठिपक्यांचा असून मधले ठिपके कॅमेरा अंदाजाने भरत होता, हे मला तेव्हा कळले. झूमही सगळा डिजिटल, म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून ताणलेला. भिंग जागचे हलतच नव्हते, त्यामुळे हातभर अंतराच्या आतले सगळे धूसर येई. वस्तू परत करण्याची मुदत सात दिवसांची होती आणि मी आठव्या दिवशी जागा झालो.

किराणा दुकानदार, केर्ली

माझा अनुभव दोन ओळींचा आहे. चैत्र यात्रेत जोतिबाला कॅमेरा घेऊन गेलो, सासनकाठ्यांचे फोटो काढले आणि गुलाल भिंगाच्या सरकत्या नळीत शिरला. नळी अर्धी बाहेर, अर्धी आत अशी अडकली ती अडकलीच. दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीहून अधिक सांगितला गेला. आता यात्रेला फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेतो.

फोटो स्टुडिओ, लक्ष्मीपुरी

धंदा हाच असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. खिशात मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्यात बहुधा १/२.३ इंची सेन्सर असतो. नावात इंच असले तरी त्याची प्रत्यक्ष मापे सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढी असतात. आजच्या मध्यम किमतीच्या फोनमधल्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर बऱ्याचदा याहून मोठा असतो. शिवाय बटण दाबताक्षणी फोन अनेक फोटो घेऊन त्यांचा एक फोटो तयार करतो. त्यामुळे दिवेलागणीनंतर फ्लॅश न वापरता स्वस्त कॅमेरा फोनच्या बरोबरीला येईल, ही आशा सोडावी.

तरीही दोन गोष्टींत तो आजही साध्या फोनला मागे टाकतो. पहिली गोष्ट म्हणजे ऑप्टिकल झूम. भिंगे प्रत्यक्ष पुढेमागे सरकून पाच किंवा आठ पट जवळचे दाखवतात, तेव्हा चित्र फाटत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे झेनॉन फ्लॅश. त्याचा लखलखाट सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही थोडा वेळ टिकतो, म्हणून रात्री लेझीम खेळणाऱ्या मुलाचा हात जागच्या जागी थिजतो. फोनच्या एलईडी दिव्यात तोच हात पांढऱ्या फराट्यासारखा येतो.

मेगापिक्सेलच्या मागे धावण्याचे कारण नाही. ४ बाय ६च्या चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके धरले तरी १८०० गुणिले १२००, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलही पुरे होतात; ८ बाय १२ला पावणेनऊच्या आत काम भागते. माझ्या मते या बजेटमध्ये अनोळखी नव्यापेक्षा नामांकित कंपनीचा जुना कॅमेरा बरा, पण तो हातात घेऊन पाहिल्याशिवाय घेऊ नये. चालू-बंद करताना भिंगाची नळी अडखळते का ते ऐकावे. पांढऱ्या भिंतीचा पूर्ण झूम करून फोटो काढावा, म्हणजे आतली धूळ काळ्या ठिपक्यांनी स्वतःच हजेरी लावते. टॉर्चचा उजेड तिरपा टाकून भिंगात बुरशीचे जाळे आहे का ते पाहावे. आपल्याकडचा पावसाळा कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्यालाही सोडत नाही. आणि बॅटरी व कार्ड आज बाजारात मिळते का, याची चौकशी पैसे देण्याआधी करावी.

निवृत्त शिक्षक, शाहूपुरी

स्टुडिओवाल्या दादांनी बॅटरीचा विषय काढला म्हणून लिहितो. २००९ साली मी घेतलेला १० मेगापिक्सेलचा कॅमेरा दोन पेन्सिल सेलवर चालतो आणि आजही चालू आहे. पहिल्या वर्षी मात्र मी त्याला फार दोष दिला. राधानगरीच्या सहलीत वाटेतल्या टपरीवरून घेतलेले साधे सेल घातले आणि पंधराव्या फोटोला कॅमेरा बंद पडला; मुले धरणाच्या भिंतीपुढे रांगेत उभी आणि मी सेल काढून चोळतो आहे, असे दृश्य होते. कॅमेऱ्याला एकदम जास्त वीज लागते आणि ती देताना साधा सेल दम टाकतो, हे नंतर समजले. रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल १.५ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, पण ताण आला तरी ते विजेचा दाब टिकवून धरतात. ते आणि चार्जर घेतल्यापासून एका चार्जमध्ये अख्खी सहल होऊ लागली.

ऑगस्ट २०१९च्या पुरात आमच्या घरात कंबरेच्या वर पाणी होते. लग्नाच्या अल्बमची पाने एकमेकांना चिकटली ती सुटलीच नाहीत. कॅमेरा माळ्यावर होता म्हणून वाचला, पण त्याचे एक कार्ड टेबलाच्या खणात चिखलात सापडले. ते स्वच्छ पाण्याने धुऊन चार दिवस सावलीत वाळवले, तेव्हा त्यातले सहलींचे सगळे फोटो उघडले. प्रत्येक कार्डाला असे नशीब लाभेलच असे नाही, म्हणून आता एक प्रत पुण्याला मुलाकडे ठेवली आहे.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कसबा बावडा

भाचीची बाजू मी मांडते. आमच्या वर्गात सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांची हौस आहे. समोरून पडलेला कडक फ्लॅश, मागचा अंधार आणि थोडे भडक रंग आम्हाला आवडतात, कारण फोनचे फोटो सगळ्यांचे सारखेच दिसतात. मी विकत काहीच घेतले नाही. आईच्या कपाटात साडीच्या घडीखाली तिचा २००८चा कॅमेरा होता. त्यातला तारखेचा छोटा सेल संपलेला असल्याने बॅटरी काढली की तारीख पुन्हा १ जानेवारी २००८ होते आणि माझा निरोप समारंभ माझ्या जन्माच्या आसपास झाल्यासारखा दिसतो. या हौसेमुळे जुन्या कॅमेऱ्यांचे भाव वाढले आहेत, तेव्हा आधी घरातली कपाटे उघडून पाहावीत.

फोटो स्टुडिओ, लक्ष्मीपुरी

ताई, हौस मान्य आहे, पण सीसीडी हा काही मंत्र नव्हे. ते रंग सेन्सरइतकेच त्या काळच्या कॅमेऱ्यातील प्रक्रियेचे आणि समोरच्या फ्लॅशचे असतात. त्या एका शब्दासाठी कोणी दुप्पट किंमत मागत असेल तर देऊ नये.

चांदी कारागीर, हुपरी

पैंजणांचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवण्यासाठी साडेपाच हजारांचा कॅमेरा घेतला आणि दोन महिन्यांत बाजूला ठेवला. फ्लॅश चांदीवर पडला की मधोमध पांढरा डाग येतो, आणि कार्ड काढून संगणकाला लावेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेले असते. खिडकीच्या उजेडात बटर पेपर आडवा धरून फोनने काढलेले फोटो अधिक चांगले येतात. माझे पैसे फुकट गेले.

पक्षीनिरीक्षक, कळंबा

माझे मात्र वसूल झाले. ४५ पट ऑप्टिकल झूमचा वापरलेला कॅमेरा मी आठ हजारांना घेतला. कळंबा तलावाच्या पलीकडच्या काठावर बसलेला खंड्या फोनमध्ये निळा ठिपका दिसतो, यात त्याची चोच मोजता येते. त्याला डोळा लावून पाहायची खिडकी नाही, त्यामुळे भर उन्हात पडद्यावर काही दिसत नाही आणि मी टोपी पडद्यावर धरून अंदाजाने नेम धरतो. सकाळी सात ते दहा सोडून त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवत नाही. उजेड उतरला की फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात.

धागाकर्ता, मंगळवार पेठ

सर्वांचे आभार. विद्यार्थिनी ताईंचे वाचून बहिणीने माळा काढला आणि भावजींचा २००५चा ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा मिळाला. शिक्षक सरांच्या सांगण्याप्रमाणे रिचार्जचे सेल घातले, तेव्हा भिंग न अडखळता बाहेर आले. भिंतीची परीक्षाही झाली. वरच्या कोपऱ्यात एकच ठिपका आहे आणि भाचीची त्याला हरकत नाही. अडचण कार्डाची आहे. हा कॅमेरा २ जीबीपर्यंतचीच जुनी एसडी कार्डे ओळखतो आणि दुकानात ३२च्या खाली कोणी दाखवत नाही. कोणाच्या खणात असे कार्ड पडून असल्यास कृपया कळवावे.

निवृत्त शिक्षक, शाहूपुरी

माझ्याकडे २ जीबीची दोन आहेत. एक पुरातले आहे, ते देणार नाही. दुसरे रविवारी सकाळी येऊन घेऊन जावे, आणि येताना भाचीला कॅमेऱ्यासह आणावे.