मदत हवी आहे: वापरलेलं तेल गाळताना पिशवी सारखी तुंबते
मंडळी, जुन्या डिझेल जनरेटरसाठी तळणीचं वापरलेलं तेल घरीच गाळतोय. टाक्या दोन केल्यात. इंजिन डिझेलवर सुरू करायचं, तेल ७० अंशांच्या आसपास तापलं की त्यावर वळवायचं, आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणायचं. तो भाग जमलाय. घोडं अडलंय ते गाळण्यावर.

आठवडाभर तेल पिंपात निवळू देतो, वरचंच काढतो, जुन्या सुती कापडातून गाळतो आणि मग ५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, इतक्या बारीक छिद्रांच्या) गाळण-पिशवीत ओततो. पहिले चार-पाच लिटर झरझर उतरतात, नंतर थेंब थेंब. पिशवी उलटी केली तर आत मेणासारखा पांढरट थर. तेल गरम केलं की गढूळपणा जातो, गार झालं की परत येतो, म्हणजे ती गोठणारी चरबी असावी. पण तापल्या तव्यावर थेंब टाकला तर तडतडतोही, म्हणजे पाणीही आहेच. (हे करताना चष्मा घाला, मी एकदा शिकलोय.)

आता विचारायचं ते असं: तेल कोमट करून गाळलं तर चरबी पिशवीतून निसटून पुढे इंजिनाच्या फिल्टरमध्येच बसेल ना? मग गारच गाळावं का? मध्ये २५ मायक्रॉनची पिशवी लावून कुणाला फरक पडलाय का? आणि पाणी काढायला ६० अंशांवर तापवून पुन्हा निवळू देणं पुरतं, की उकळावंच लागतं? उकळताना फेस उसळून तेल बाहेर येईल याची धास्ती वाटते.